गुन्हेगार सापडतो, गुन्हा उरतो : चीनमधील तपासकथा आणि मराठीतील एक रिकामी जागा

१

रहस्यकथेविषयी मराठी समीक्षेने जे थोडेफार लिहिले आहे, त्यात दोन भूमिका वारंवार आढळतात. एक, रहस्यकथा ही घटकाभराच्या रंजनाची वस्तू असल्याने तिची वाङ्मयीन चिकित्सा करण्याचे प्रयोजन नाही. दोन, ती लोकप्रिय असल्याने वाचनाच्या समाजशास्त्रात तिची दखल घ्यावी, म्हणजे खप किती, वाचक कोण, ग्रंथालयातून मागणी किती हे पाहावे. या दोन्ही भूमिकांत एक प्रश्न विचारायचा राहून जातो. गुन्हा, तपास आणि उलगडा असा आकृतिबंध स्वीकारला की त्या आकृतिबंधातून समाजाविषयी नेमके कोणते ज्ञान शक्य होते आणि कोणते अशक्य ठरते? प्रस्तुत लेखात हा प्रश्न छ्यू श्याओलुंग यांच्या चीनमधील तपासकादंबऱ्यांच्या आधारे उपस्थित करावयाचा आहे आणि त्या उजेडात मराठीतील एका रिकाम्या जागेकडे पाहावयाचे आहे.

त्स्वेतान तोदोरोव्ह यांनी १९६६ मधील आपल्या निबंधात रहस्यकथेत दोन कथा असतात असे दाखवून दिले : एक गुन्ह्याची, दुसरी तपासाची. पहिली घडून गेलेली आणि अनुपस्थित, तर दुसरी आपल्यासमोर घडणारी. डब्ल्यू. एच. ऑडन यांनी १९४८ मध्येच या प्रकाराचा नैतिक गाभा सांगितला होता. एका निष्पाप समूहात खून होतो, सर्वांवर संशयाची छाया पडते, गुप्तहेर येऊन एका व्यक्तीवर दोष निश्चित करतो आणि उरलेला समूह पुन्हा निष्पाप होतो. हा सारा व्यवहार एका गृहीतावर उभा आहे. गुन्हा हा अपवाद असून व्यवस्था मुळात शुद्ध आहे, हे ते गृहीत. ज्या समाजात व्यवस्थाच गुन्ह्याची भागीदार असते, तेथे ऑडनच्या नमुन्याचे काय होते? दोष एकावर निश्चित केल्याने तेथे कोण निष्पाप ठरते?

२

छ्यू श्याओलुंग यांचा जन्म १९५३ चा, शांघायमधला. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात त्यांच्या वडिलांवर भांडवलदार म्हणून शिक्का बसला. पुढे कवी आणि टी. एस. एलियटचे चिनी अनुवादक म्हणून त्यांनी नाव मिळवले. १९८८ मध्ये अभ्यासासाठी ते अमेरिकेतील सेंट लुइस येथे गेले आणि १९८९ च्या तिआनानमेन चौकातील घटनांनंतर तेथेच राहिले. 'डेथ ऑफ अ रेड हिरॉइन' ही त्यांची पहिली कादंबरी २००० मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाली आणि चीफ इन्स्पेक्टर चेन त्साओ या नायकाची मालिका तिच्यापासून सुरू झाली.

कादंबरीचा काळ १९९० चा, म्हणजे तिआनानमेननंतरच्या धास्तावलेल्या वर्षाचा आहे. शांघायजवळच्या एका कालव्यात तरुणीचे प्रेत सापडते. ती ग्वान होंगयिंग, एका मोठ्या सरकारी दुकानात सौंदर्यप्रसाधने विकणारी आणि 'राष्ट्रीय आदर्श कामगार' म्हणून गौरवलेली. पक्षाने तिची प्रतिमा घडवली, वर्तमानपत्रांनी ती फिरवली आणि त्या प्रतिमेआड तिला एक खाजगी, गुप्त आयुष्य जगावे लागले. संशयाची सुई वळते ती वू श्याओमिंग या छायाचित्रकाराकडे. तो एका वरिष्ठ पक्षनेत्याचा मुलगा आहे.

येथे कादंबरीच्या रचनेतील एक महत्त्वाची गोष्ट लक्षात घ्यायला हवी. खुनी कोण असावा याचा अंदाज वाचकाला शेवटच्या प्रकरणापर्यंत थांबून मिळत नाही, तो बराच आधी येतो. त्यानंतरही कादंबरीचा ताण कमी होत नाही, उलट वाढतो. कारण आता प्रश्न बदललेला असतो. 'खून कोणी केला?' या प्रश्नाची जागा 'त्याला अटक करता येईल का, आणि ती करू देणार कोण?' हा प्रश्न घेतो. तोदोरोव्हच्या परिभाषेत बोलायचे तर गुन्ह्याची कथा उघड होते आणि तपासाची कथाच रहस्यमय बनते. तपास कोण थांबवतो, कोणाच्या दूरध्वनीने तो पुन्हा सुरू होतो, वरिष्ठांच्या एका वाक्यात आज्ञा किती आणि इशारा किती, हे वाचकाला उलगडावे लागते.

हा बदल पाश्चात्त्य नमुन्यातील मोडतोड म्हणून वाचता येईल, पण त्याची मुळे चिनी परंपरेतही आहेत. 'गोंगआन' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जुन्या चिनी न्यायकथांत न्यायाधीश हाच तपास करतो आणि तोच निवाडा देतो. न्यायाधीश बाओ आणि न्यायाधीश दी ही त्यांतील प्रसिद्ध नावे. रॉबर्ट व्हान ख्युलिक यांनी १९४९ मध्ये दी यांच्या कथांचा इंग्रजी अनुवाद प्रसिद्ध केला, तेव्हा या कथांत गुन्हेगाराची ओळख बहुधा आरंभीच करून दिलेली असते याकडे त्यांनी वाचकांचे लक्ष वेधले होते. तेथील रस बुद्धिबळाच्या डावातल्यासारखा, चाल कशी रचली जाते यातला असे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात छंग श्याओछिंग यांनी हुओ सांग हा शांघायचा शेरलॉक होम्स निर्माण करून इंग्रजी नमुना चिनी भूमीत रुजवला. छ्यू यांच्याकडे या दोन्ही धारा आहेत. फरक इतकाच की जुन्या कथेतील न्यायाधीशाच्या हाती निवाडा होता, चेनच्या हाती तो नाही.

३

चेन कवी आहे, एलियटचा चाहता आहे, इंग्रजी साहित्याचा पदवीधर आहे. पोलीस खात्यातील नोकरी त्याने निवडलेली नाही, ती त्याला सरकारने नेमून दिलेली आहे. कादंबरीच्या आरंभी तो आपल्या नव्या सदनिकेच्या आनंदाप्रीत्यर्थ मित्रांना जेवायला बोलावतो. ही सदनिका त्याला खात्याच्या वाटपातून मिळाली आहे. त्याचा सहकारी यू ग्वांगमिंग मात्र पत्नी आणि मुलासह एका खोलीत दिवस काढतो. हा तपशील केवळ वातावरणनिर्मितीसाठी आलेला नाही. भ्रष्टाचाराचा तपास करणारा माणूस स्वतः त्याच वाटपव्यवस्थेचा लाभार्थी आहे, हे लेखक पहिल्या काही पानांतच सांगून ठेवतो.

पुढे जाऊन तो अधिक अवघड गोष्ट सांगतो. तपासाची वाट बंद होते तेव्हा चेन लिंग या जुन्या प्रेयसीला पत्र लिहितो. तीही एका फार मोठ्या नेत्याची मुलगी आहे. तिच्या शब्दाने वाट मोकळी होते. म्हणजे वशिल्याने माजलेल्या एका तरुणाला शिक्षा देण्यासाठी दुसरा, अधिक वरचा वशिला वापरावा लागतो. शेवटी वू श्याओमिंगला मृत्युदंड मिळतो, तोही घाईघाईने. सार्वजनिक निवेदनात मात्र त्याचा गुन्हा 'पाश्चात्त्य बूर्ज्वा प्रभावा'चा परिणाम म्हणून मांडला जातो. सत्ताधाऱ्यांच्या मुलांना मिळणारी मोकळीक, पक्षाने ग्वानवर लादलेली प्रतिमा, तपासात झालेला हस्तक्षेप यांपैकी काहीच त्या निवेदनात नसते. गुन्हेगार सापडतो, त्याला फाशीपेक्षाही लवकर गोळी मिळते, आणि गुन्हा मात्र अबाधित उरतो.

या अंताचे मर्म असे आहे की येथे शिक्षा हेच लपवणुकीचे साधन बनते. सत्तेने गुन्हेगाराला वाचवले असते तर कादंबरी तक्रारीच्या पातळीवर राहिली असती. सत्ता गुन्हेगाराचा बळी देते आणि त्या बळीने स्वतःला शुद्ध करून घेते, म्हणून ती तक्रारीच्या पलीकडे जाते. ऑडनने वर्णिलेला शुद्धीकरणाचा विधी येथे तंतोतंत पार पडतो, पण वाचकाला तो विधी खोटा असल्याचे ठाऊक असते. आकृतिबंध पाळून त्याच्यावरचा विश्वास काढून घेणे, हे या कादंबरीचे खरे यश होय.

छ्यू यांच्या मर्यादाही सांगायला हव्यात. त्यांचा वाचक मुख्यतः इंग्रजी जाणणारा, परदेशी आहे. त्याच्यासाठी खाद्यपदार्थांची वर्णने, म्हणी आणि अभिजात कवितांची अवतरणे पुष्कळदा पानोपानी पसरलेली असतात, आणि चीन हा देश एखाद्या प्रदर्शनासारखा मांडला जातो. मालिकेतील नंतरच्या पुस्तकांत हा साचा अधिक ठळक होतो. २००६ मधील 'अ केस ऑफ टू सिटीज' ही परदेशी पळालेल्या भ्रष्ट अधिकाऱ्याच्या शोधाची कादंबरी आहे. तीत प्रकरणाची व्याप्ती मोठी आहे, पण चेनचा अंतर्गत पेच पहिल्या कादंबरीइतका धारदार नाही. शिवाय चिनी भाषांतरात या कादंबऱ्यांतील शांघायचे नाव वगळून त्या 'एच' नामक शहरात घडवण्यात आल्या. लेखकाच्या मातृभाषेत त्याच्या शहराला नाव उरू नये, हा प्रसंग स्वतःच त्याच्या आशयावरचे भाष्य ठरतो.

४

आधुनिक चीन हा विषय गोंदिया जिल्ह्यातून लिहिणाऱ्याला वाटतो तितका दूरचा नाही. अर्जुनी-मोरगाव तालुक्यात प्रतापगडजवळ नोर्ग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत १९७२ पासून आहे. झाडीपट्टीच्या धानाच्या शेतांमध्ये तिबेटी प्रार्थनाध्वज पाहत येथील दोन पिढ्या वाढल्या. त्यामुळे एलियट पॅटिसन या अमेरिकन लेखकाच्या 'द स्कल मंत्र' (१९९९) या तपासकादंबरीचा उल्लेख येथे अप्रस्तुत ठरू नये. तिचा नायक शान हा बीजिंगमधील एके काळचा तपास अधिकारी. वरिष्ठांपर्यंत पोहोचणारा भ्रष्टाचाराचा तपास सोडून देण्यास त्याने नकार दिला, आणि त्याची रवानगी तिबेटमधील श्रमछावणीत झाली. तेथे बौद्ध भिक्षूंबरोबर तो दगड फोडतो. रस्त्याच्या कामावर एक शिरविहीन प्रेत सापडते तेव्हा या कैद्यालाच तपासाला जुंपले जाते. सत्य शोधून काढावे यासाठी त्याला जुंपलेले नसते, कागदपत्रे नीट पूर्ण करून एका भिक्षूवर दोष बसवण्याची सोय व्हावी यासाठी जुंपलेले असते.

चेन व्यवस्थेच्या आत आहे, शान तिच्या तळाशी बंदिवान आहे. लेओनार्दो शाशा यांच्या 'द डे ऑफ द आउल' (१९६१) या सिसिलीतील कादंबरीत पोलीस कप्तान बेल्लोदी बाहेरून, इटलीच्या उत्तरेकडून येतो आणि त्याने जुळवलेला खटला त्याच्या गैरहजेरीत कोसळतो. तिन्ही कादंबऱ्यांत तपास यशस्वी आणि न्याय संशयास्पद आहे. तपासणारा कोठे उभा आहे यावरून त्याला काय दिसेल हे ठरते, आणि काय करता येईल हेही ठरते. तपासकथेतील नायकाचे हे 'स्थान' लक्षात घेतले की मराठीकडे वळताना आपल्या हाती एक निकष येतो.

५

मराठी रहस्यकथेतील नायक कोठे उभा आहे? बाबूराव अर्नाळकर (१९०६-१९९६) यांनी हजाराहून अधिक पुस्तके लिहिली. त्यांचा झुंजार आणि त्यांचा काळापहाड हे कायद्याच्या बाहेर राहून दुष्टांना शासन करणारे पुरुष आहेत. धनंजय हा छोटूसह वावरणारा खाजगी गुप्तहेर आहे. पुढच्या पिढीत गुरुनाथ नाईक यांचा कॅप्टन दीप राष्ट्राच्या शत्रूंशी लढतो. सुहास शिरवळकर (१९४८-२००३) यांचा मंदार पटवर्धन हा गुप्तहेर आणि अमर विश्वास हा फौजदारी वकील आहे. या नायकांच्या मागे मराठी वाचकांच्या अनेक पिढ्यांचे वाचनाचे पहिले वेड उभे आहे, आणि एस.टी. स्टँडवरील व रेल्वेच्या फलाटावरील पुस्तकविक्रीचा तो आधार होता. गोंदियासारख्या जंक्शनवर त्यांच्या शेजारी हिंदी जासूसी कादंबऱ्याही असत. या वाचनाला तुच्छ लेखण्याचे कारण नाही.

परंतु नायकांची ही यादी पाहिली की एक गोष्ट स्पष्ट होते. बहुतेक नायक शासनयंत्रणेच्या बाहेर आहेत, किंवा शासनाच्या वतीने बाह्य शत्रूशी लढत आहेत. पोलीस ठाण्यातील खुर्चीवर बसून, वरून येणारा दूरध्वनी घेऊन, त्याच ठाण्याच्या साहाय्याने त्या दूरध्वनीमागच्या माणसाचा शोध घेणारा नायक या परंपरेच्या मुख्य प्रवाहात नाही. झुंजारला बदलीची भीती नाही, निवासस्थान सोडावे लागण्याची भीती नाही, चौकशी समितीची भीती नाही. त्याच्या स्वातंत्र्यामुळे तो मोहक वाटतो आणि त्याच स्वातंत्र्यामुळे त्याला सत्तेचा आतून परिचय होत नाही.

याउलट मराठीतील राजकीय लेखनाला सत्तेचा परिचय पुरेपूर आहे. अरुण साधू यांनी 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या सत्तरच्या दशकातील कादंबऱ्यांत मंत्रालय, कामगार संघटना, उद्योगपती आणि गुन्हेगारी जग यांचे जाळे उलगडून दाखवले. चिनी क्रांतीवर '...आणि ड्रॅगन जागा झाला' हे पुस्तकही त्यांनीच लिहिले, म्हणजे क्रांतीची आशा आणि सत्तेचा व्यवहार या दोहोंचा अभ्यास एकाच मराठी लेखकाने केला, हे मुद्दाम नोंदवण्यासारखे आहे. या दोन कादंबऱ्यांवर आधारित, जब्बार पटेल यांच्या 'सिंहासन' (१९७९) चित्रपटात सारे काही पाहणारा, सारे काही जाणणारा माणूस आहे तो पत्रकार दिगू टिपणीस. आणि त्याचा शेवट होतो तो वेड्या हसण्यात. त्याला माहिती आहे, पण त्याच्याकडे तपासाचा अधिकार नाही. जाणणे आणि सिद्ध करणे यांतील अंतर त्याच्या हसण्यात ऐकू येते.

अशा रीतीने मराठीत एक विभागणी झालेली दिसते. एका बाजूला तपासनीस आहे, त्याच्याकडे सत्ता हा विषय नाही. दुसऱ्या बाजूला सत्ता हा विषय आहे, तेथे तपासनीस नाही. छ्यू यांनी जी गाठ मारली ती आपल्याकडे सुटीच राहिली.

६

ही विभागणी ओलांडण्याचे निदान दोन प्रयत्न मराठी प्रतिभेने केले आहेत, आणि ते दोन्ही रहस्यकथेच्या बाहेरचे आहेत. पहिला अर्थातच विजय तेंडुलकरांच्या 'घाशीराम कोतवाल' (१९७२) चा. नाना फडणवीस आणि घाशीराम यांच्यातील सौद्यात मुलगी दिली जाते आणि कोतवाली मिळते. कोतवालीचा उन्माद वाढतो, कोठडीत माणसे मरतात, जमाव खवळतो आणि नाना घाशीरामला जमावाच्या स्वाधीन करतो. १७९१ मधील पुण्यातल्या घटनेचा आधार असला तरी नाटकाचा रोख इतिहासावर नाही. घाशीरामच्या मृत्यूनंतर उत्सव जाहीर होतो आणि नाना आपल्या जागी राहतो. 'डेथ ऑफ अ रेड हिरॉइन'च्या अंताशी हे साम्य विलक्षण आहे. दोन्हीकडे अपराधी खरोखर अपराधी आहे, दोन्हीकडे त्याचा मृत्यू न्यायासारखा दिसतो आणि दोन्हीकडे त्या मृत्यूचा लाभ त्याला निर्माण करणाऱ्या सत्तेला होतो. तेंडुलकरांनी माणसांच्या रांगेचा जो पडदा रंगमंचावर उभा केला, तो तर तपासकथेच्या मर्मालाच हात घालतो. नानाची कृत्ये ज्या पडद्याआड घडतात, तो पडदा नागरिकांचाच बनलेला आहे. लपवणाऱ्यांत पाहणारेही सामील आहेत. तेथे गुप्तहेराने तरी कोणासाठी पडदा दूर करावा?

दुसरा प्रयत्न श्री. दा. पानवलकरांच्या 'सूर्य' या कथेपासून सुरू झाला. गोविंद निहलानी यांच्या 'अर्धसत्य' (१९८३) या हिंदी चित्रपटाची कथा तीच, पटकथा तेंडुलकरांची आणि त्यातली कविता दिलीप चित्रे यांची. पोलीस अधिकारी अनंत वेलणकर हा चेनप्रमाणेच यंत्रणेच्या आत आहे आणि कविता त्याच्याही आयुष्यात येते. पण चेनला कविता एक आतली खोली देते, जेथे तो पक्षाच्या भाषेपासून दूर राहू शकतो. वेलणकरला कविता आरसा दाखवते आणि तो आरसा त्याला सहन होत नाही. त्याच्या मारहाणीत कोठडीतील माणूस मरतो, सुटकेसाठी तो ज्या गुंडाच्या दारी जातो त्याच गुंडाचा शेवटी खून करतो. प्रामाणिक पोलीस येथे अपराधी होऊनच आपला प्रामाणिकपणा सिद्ध करू शकतो. तपासाची जागा हिंसेने घेतली आहे. ही शोकात्मिका थोर आहे, परंतु तिच्यात तपास या व्यवहारावरचा विश्वास पूर्णपणे संपलेला आहे.

७

असे का व्हावे? मराठी लेखकाला धैर्य कमी पडले, हे उत्तर अन्यायाचे होईल, वर उल्लेखिलेली नावेच त्याचे खंडन करतात. मला वाटते, कारण रहस्याच्या स्वरूपात आहे. एकपक्षीय व्यवस्थेत माहिती हीच दुर्मीळ आणि धोक्याची वस्तू असते. त्यामुळे काय घडले हे कळणे हाच तेथे एक राजकीय प्रसंग ठरतो आणि तपासकथेला कच्चा माल आपोआप मिळतो. आपल्याकडे तसे नाही. कोणी काय केले हे चहाच्या टपरीवर माहीत असते, वर्तमानपत्रात छापून येते, विधिमंडळात बोलले जाते. गुन्हेगार, राजकारणी आणि नोकरशहा यांच्या साटेलोट्याची नोंद १९९३ च्या वोहरा समितीने सरकारी अहवालातच केली. रहस्य उरलेच नाही तर रहस्यकथा लिहायची कशाची, असे लेखकाला वाटले असल्यास नवल नाही.

पण हा युक्तिवाद 'खून कोणी केला?' हाच तपासकथेचा एकमेव प्रश्न मानतो. गोंगआन परंपरेने आणि छ्यू यांनी दाखवून दिले की गुन्हेगार आरंभी माहीत असला तरी कथा संपत नाही, एका अर्थी तेव्हाच ती सुरू होते. सर्वांना माहीत असलेली गोष्ट कोणालाच सिद्ध का करता येत नाही, हे आपल्या समाजाचे खरे रहस्य आहे. फिर्याद नोंदवून घेताना कोणता शब्द गळतो, पंचनाम्यावर सह्या कोणाच्या असतात, साक्षीदार कोणत्या रात्री फितूर होतो, दोषारोपपत्रातील पळवाट चुकून राहते की ठेवली जाते, अधिकाऱ्याची बदली नेमकी कोणत्या तारखेला होते, या प्रत्येक ठिकाणी कथानक आहे. पंचनामा हा तर आपल्या भाषेतील एक विलक्षण गद्यप्रकार आहे. त्याची कृत्रिम, फारसीमिश्रित, कर्ता दडवणारी वाक्यरचना काय सांगते आणि काय गिळते, याचा अभ्यास ना समीक्षेने केला, ना कादंबरीने त्याचा पुरेसा उपयोग केला.

येथे प्रश्न केवळ एका साहित्यप्रकाराच्या उणिवेचा राहत नाही. 'सगळेच भ्रष्ट आहेत' हे वाक्य दिगू टिपणीसच्या हसण्याइतकेच निरुपयोगी आहे, कारण त्यात कोणतीही तारीख नाही, सही नाही, क्रम नाही. तपासकथा ही मुळात तपशिलाची शिस्त आहे. ती सर्वसामान्य विधानावर समाधान मानत नाही, कोण, केव्हा, कशाने असे विचारत राहते. उद्वेग आणि उपहास या दोनच प्रतिक्रिया ज्या वाङ्मयाने सत्तेसंबंधी आपल्याला शिकवल्या, त्याला ही शिस्त हवी आहे. आणि ती शिकवताना तपासकथेने छ्यू यांच्यासारखीच दुसरी सावधगिरीही बाळगायला हवी, ती म्हणजे शिक्षा झाली म्हणून प्रकरण मिटले असे न मानण्याची.

मराठी समीक्षेने रहस्यकथेला दाराबाहेर उभे केले तेव्हा तिच्याबरोबर हे प्रश्नही बाहेर राहिले. अर्नाळकरांच्या तपासनीसाला साधूंच्या मंत्रालयात कोणी नेले नाही. त्याला तेथे नेणारी कादंबरी मराठीत लिहिली जाईल तेव्हा तिच्या पहिल्याच पानावर गुन्हेगाराचे नाव असले तरी चालेल. वाचकाला ते आधीपासून ठाऊकच असेल. पुढची पाने त्याला वाचावी लागतील ती आपण ते नाव ठाऊक असूनही गप्प कसे राहिलो हे जाणून घेण्यासाठी.